निळ्या पुस्तकांचे वर्ष

उत्तर वेल्समध्ये क्लूइड नदीच्या खोऱ्यात लँडर्नोग नावाचे खेडे आहे. 1846-47 च्या शालेय पाहणीत हेन्री वॉन जॉन्सन नावाचा एक तरुण इंग्रज बॅरिस्टर तिथल्या शाळेत गेला. तिथे एका मुलाच्या गळ्यात दोरीने लाकडाचा एक तुकडा अडकवलेला त्याला दिसला. तुकड्यावर 'वेल्श काठी' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द होते. चौकशी केल्यावर कळले की मुलगा वेल्श बोलताना सापडला, म्हणून ही काठी त्याच्या गळ्यात आली. ती उतरवायचा मार्ग एकच होता : दुसऱ्या कुणाला तरी वेल्श बोलताना पकडायचे आणि काठी त्याच्या गळ्यात घालायची. असे करत करत काठी आठवडाभर फिरे. शेवटी ती ज्याच्या गळ्यात उरे, त्याला फटके. जॉन्सनने पुढे आणखी एक गोष्ट नोंदवली, आणि ती काठीहूनही जास्त बोचते. मुले चोरपावलांनी वर्गमित्रांच्या घरांपाशी जात. कोण आपल्या आईवडिलांशी वेल्श बोलतो हे कान देऊन ऐकत, आणि आपली शिक्षा त्याच्यावर ढकलत. ही प्रथा घातक आहे असे जॉन्सनने स्पष्ट लिहिले. ज्या अहवालात त्याने हे लिहिले, तो 1 जुलै 1847 रोजी तीन जाड खंडांत सादर झाला. ब्रिटिश संसदेच्या कागदपत्रांना निळी वेष्टने असत, म्हणून या खंडांना 'निळी पुस्तके' हे नाव पडले. वेल्सच्या इतिहासात इतका तिरस्कार वाट्याला आलेला दुसरा सरकारी दस्तऐवज नसेल.

या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या की कोडे पडते. वेल्श भाषेचा शत्रू म्हणून ज्या अहवालाची दीडशे वर्षांहून अधिक काळ निर्भर्त्सना झाली, त्याच अहवालाने मुलाच्या गळ्यातल्या काठीचा निषेध केला. ती काठी लंडनच्या कुठल्याही हुकमाने आली नव्हती. गावातल्या मास्तराने ती तासली होती आणि गावातल्या आईबापांनी ती चालू दिली होती. माझ्या मते 1847 या वर्षाचा अर्थ या कोड्यातच दडलेला आहे. त्या वर्षाची रूढ कथा अशी सांगतात की इंग्रजांनी वेल्श लोकांची बदनामी केली, लोक खवळून उठले आणि त्या संतापातून आधुनिक वेल्श राष्ट्रीयत्व जन्मले. ही कथा खोटी नाही, पण अर्धी आहे. निळ्या पुस्तकांनी वेल्सवर दोन आरोप ठेवले होते, एक चारित्र्यावर आणि एक भाषेवर. वेल्सने पहिला आरोप त्वेषाने खोडून काढला आणि तो वाद जिंकला. दुसरा आरोप त्याने जवळजवळ न लढताच मान्य केला. पुढच्या पन्नास वर्षांत वेल्सने जे मिळवले आणि जे गमावले, त्या दोन्हींची मुळे या दुहेरी उत्तरात आहेत.

चौकशी का नेमली गेली, हे समजायला थोडे मागे जावे लागते. 1831 मध्ये मर्थर टिडव्हिल या लोखंडाच्या शहरात कामगारांनी बंड केले आणि काही दिवस शहर त्यांच्या ताब्यात राहिले. 4 नोव्हेंबर 1839 रोजी मतदानाचा हक्क मागणारे हजारो चार्टिस्ट खाण कामगार न्यूपोर्टवर चालून गेले. सैनिकांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक माणसे मेली. त्याच वर्षी, आणि पुन्हा 1842-43 मध्ये, नैऋत्य वेल्सचे शेतकरी स्त्रियांचे कपडे घालून, तोंडाला काळे फासून रात्री टोलनाके फोडत होते. हे 'रिबेकाचे दंगे'. या सगळ्यात लंडनला एकच गोष्ट सलत होती : ही माणसे ज्या भाषेत कट शिजवतात ती भाषाच कळत नाही. मार्च 1846 मध्ये खासदार विल्यम विल्यम्स यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये ठराव मांडला की वेल्समधल्या शिक्षणाची, विशेषतः कष्टकऱ्यांना इंग्रजी शिकायच्या काय सोयी आहेत याची, चौकशी व्हावी. फौजेपेक्षा मास्तर स्वस्त पडेल, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. विल्यम्स निवडून आले होते इंग्लंडमधल्या कोव्हेंट्रीतून, पण जन्म कारमार्थेनशरमधल्या खेड्यातला. लंडनला जाऊन कापडाच्या व्यापारात त्यांनी पैसा कमावला होता. इंग्रजी आल्याने आपले भले झाले, तसे आपल्या माणसांचे व्हावे, अशी त्यांची प्रामाणिक इच्छा होती. हे आवर्जून सांगायला हवे, कारण निळ्या पुस्तकांची सुरुवात कुणा वेल्शद्वेष्ट्याने केली नाही. ती एका वेल्श माणसाने केली.

सरकारने तीन आयुक्त नेमले : राल्फ लिंगन, जेलिंजर सायमन्स आणि वर उल्लेखलेला जॉन्सन. तिघेही इंग्रज, तिघेही बॅरिस्टर, तिघेही इंग्लंडच्या अधिकृत अँग्लिकन चर्चचे. तिघांपैकी एकालाही वेल्श येत नव्हते. ज्या देशात बहुसंख्य लोक वेल्श बोलत आणि बहुसंख्य लोक चर्चमध्ये न जाता बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल अशा पंथांच्या चॅपलमध्ये जात, तिथे ही निवड झाली. 30 मार्च 1851 च्या रविवारी सरकारने प्रार्थनेला आलेल्यांची शिरगणती केली, तेव्हा वेल्समध्ये पाचांपैकी सुमारे चार माणसे चॅपलमध्ये आढळली. आयुक्तांना मदतनीस मिळाले त्यांत लॅम्पीटरच्या अँग्लिकन कॉलेजातले विद्यार्थी बरेच होते, आणि साक्षी देणाऱ्यांत पाद्री आणि जमीनदार मोठ्या संख्येने होते. ऑक्टोबर 1846 ते एप्रिल 1847 या भर हिवाळ्यात तिघे तीन दिशांना फिरले आणि 1,200 हून अधिक पाने भरतील एवढी सामग्री घेऊन परतले. इतक्या थोड्या वेळात इतके बारकाईने पाहणे ही साधी गोष्ट नाही, आणि त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदरच वाटतो.

शाळांबद्दल त्यांनी जे लिहिले ते बव्हंशी खरे होते, हेही कबूल केले पाहिजे. गळक्या छपरांची कोठारे, चर्चचे थंडगार कोपरे, राहत्या घराची एखादी खोली, तिथे भरणाऱ्या शाळा. बसायला बाक नाहीत, संडास नाहीत, पुस्तके म्हणून एखाद-दुसरे फाटके बायबल. मास्तर म्हणजे बहुधा दुसऱ्या कशालाच लागू न पडलेला माणूस. कुणी अपघातात अधू झालेला मजूर, कुणी धंद्यात बुडालेला दुकानदार. प्रशिक्षण शून्य, पगार एखाद्या गड्याच्या मजुरीएवढा किंवा त्याहूनही कमी. या वर्णनाला पुढे कुणी गंभीरपणे आव्हान दिले नाही. यात चॅपलवाल्यांचाही वाटा होता, आणि वेल्श अभिमानाच्या भरात तो झाकला जातो. सरकारी अनुदान घेतले तर चर्चचा शिरकाव होईल या भीतीने दक्षिण वेल्समधल्या अनेक चॅपलप्रमुखांनी अनुदानच नाकारले आणि 'आमच्या शाळा आम्ही वर्गणीतून चालवू' अशी भूमिका घेतली. तत्त्व उदात्त होते. पण वर्गणी तेवढी जमत नव्हती, आणि त्या तत्त्वाची किंमत मुले मोजत होती.

चूक पाहण्यात नव्हती. जे पाहिले त्याचा अर्थ लावण्यात होती. आयुक्तांची परीक्षेची पद्धत अशी : वर्गापुढे उभे राहायचे, इंग्रजी वाचन ऐकायचे आणि त्यावर प्रश्न विचारायचे. मुले इंग्रजी बायबलचा उतारा बऱ्यापैकी वाचून दाखवत. अक्षरे ओळखून उच्चार करायला ती शिकली होती. पण वाचले त्याचा अर्थ विचारला की सारा वर्ग गप्प. आयुक्त लिहीत : अर्थ कळत नाही. नोंद अचूक होती, आणि त्यांनी स्वतःच ती पुढे न्यायला हवी होती. घरात, रस्त्यावर, चॅपलमध्ये ज्यांच्या कानावर इंग्रजीचा एक शब्द पडत नाही, अशा मुलांना इंग्रजीतून सारे शिकवले जात होते. ही पद्धत फसणारच होती. पण अहवालाच्या निष्कर्षात पद्धतीची ही चूक सरकत सरकत भाषेच्या माथी जाते. लिंगनने मांडले की वेल्श माणसाला त्याची भाषाच खालच्या थरात डांबून ठेवते. लोखंडाच्या भट्टीवर तो मजूर म्हणून येतो आणि मजूरच राहतो, वरच्या कचेरीत त्याला जागा नाही. सायमन्सने तर वेल्श भाषा नैतिक प्रगतीच्या आड येते असेच म्हटले. कचेरीत वेल्शला जागा का नाही, ती कुणी नाकारली, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. खरे तर उत्तर हाताशी होते : 1536 च्या कायद्याने वेल्समधली न्यायालये आणि सरकारी पदे इंग्रजीत बांधून टाकली होती.

आणि तरीही या आयुक्तांनी आपल्या डोळ्यांनी दुसरे एक शिक्षण पाहिले होते. दर रविवारी चॅपलमध्ये शाळा भरे. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे वेल्शमधून वाचायला शिकत आणि धर्मशास्त्रातल्या अवघड प्रश्नांवर तास तास वाद घालत. ही परंपरा जुनी होती. विल्यम मॉर्गन यांनी 1588 मध्ये संपूर्ण बायबल वेल्शमध्ये आणले. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स या पाद्र्याने गावोगाव फिरत्या शाळा चालवल्या. एका गावात काही महिने शाळा, मग मास्तर पुढच्या गावाला. पुढे बाला गावच्या टॉमस चार्ल्स यांनी रविवारच्या शाळांचे जाळे उभे केले. मातृभाषेतून शिकवल्यावर गरीब शेतमजूर काही महिन्यांत वाचू लागतो, याचा याहून मोठा पुरावा त्या काळच्या ब्रिटनमध्ये क्वचितच सापडेल. आयुक्तांनी या शाळांची तारीफ केली. पण आठवड्याच्या शाळेतले अपयश आणि रविवारच्या शाळेतले यश यांतला फरक भाषेचा आहे, हा सरळ निष्कर्ष त्यांनी काढला नाही. वेल्श ही धर्माची भाषा, इंग्रजी ही जगाची भाषा, अशी वाटणी त्यांनी मनात करून घेतली. पुढे ही वाटणी वेल्श लोकांनीही स्वीकारली, आणि खरे दुःख तिथे आहे.

अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा लोक पेटले ते मात्र भाषेवरून नव्हे. शाळांच्या चौकशीत आयुक्तांनी चारित्र्याबद्दलच्या साक्षीही घेतल्या होत्या. वेल्श शेतमजूर खोटे बोलतो, शपथेवर खोटी साक्ष देतो, तरुण मुलेमुली रात्रीच्या प्रार्थनासभांहून येताना वाट वाकडी करतात, लग्नाआधीच्या भेटीगाठींत बंधन नाही, असे पानेच्या पाने छापून आले. सर्वांत जास्त शिंतोडे वेल्श स्त्रियांवर उडाले. अ‍ॅबरडेअरचे व्हिकर जॉन ग्रिफिथ यांच्यासारख्या, लोकांमध्येच राहणाऱ्या पाद्र्यांच्या साक्षी वाचून लोक हादरले. त्यांच्याविरुद्ध गावात जाहीर सभा झाल्या. परक्या बॅरिस्टरने लिहिले हे एक वेळ समजण्यासारखे होते. आपल्याच गावच्या धर्मगुरूने आपल्या बायकामुलींबद्दल असे सांगावे, हे लोकांना सहन झाले नाही. या वादाला पुढे जे नाव चिकटले ते म्हणूनच अचूक आहे. आर. जे. डेर्वेल या कवीने 1854 मध्ये एक नाटक लिहिले, 'निळ्या पुस्तकांचा दगा' अशा अर्थाच्या वेल्श शीर्षकाचे. हे शीर्षक ऐकताच वेल्श माणसाला एक जुनी दंतकथा आठवे : सॅक्सनांनी ब्रिटन सरदारांना तहाच्या मेजवानीला बोलावले आणि पायमोज्यांत लपवलेल्या लांब सुऱ्यांनी त्यांची कत्तल केली. मेजवानीला पाहुणा म्हणून बसलेल्या माणसाच्या पाठीत सुरा, ही प्रतिमा चौकशीच्या सौजन्याला आणि पाद्र्यांच्या साक्षींना इतकी चपखल बसली की अहवालाचे खरे नाव आज कुणालाच आठवत नाही.

या हल्ल्याला मिळालेली उत्तरे पाहण्यासारखी आहेत. ह्यू ह्यूज या चित्रकाराने 1848 मध्ये व्यंगचित्रांची मालिका काढून आयुक्तांना आणि त्यांच्या वरिष्ठांना लोकांच्या टवाळीचा विषय केले. जेन विल्यम्स या लेखिकेने त्याच वर्षी अहवालाची चिरफाड करणारी पुस्तिका लिहिली. सर टॉमस फिलिप्स यांनी 1849 मध्ये मोठा ग्रंथ लिहून वेल्श लोकांची बाजू मांडली. हे फिलिप्स म्हणजे 1839 साली न्यूपोर्टचे महापौर, चार्टिस्टांच्या गोळ्यांनी जखमी झालेले आणि त्याबद्दल सर किताब मिळालेले. शिवाय अँग्लिकन. बंडखोरांचा पाठीराखा असा शिक्का त्यांच्यावर कुणी मारू शकत नव्हते. पण या सर्वांत माझे मन सर्वांत जास्त गुंतते ते इवान जोन्स या काँग्रिगेशनल पाद्र्यात. 'येयान ग्विनेद' या नावाने तो ओळखला जाई. 1820 चा जन्म, प्रकृती कायमची नाजूक. त्याने भावनेच्या भरात शिव्याशाप दिले नाहीत. जन्मनोंदणीचे सरकारी आकडेच पुढे ठेवले आणि दाखवले की विवाहबाह्य जन्मांच्या बाबतीत वेल्सला इंग्लंडपासून वेगळे काढून दोषी ठरवण्याजोगा आधार नाही. मत, साक्ष आणि वस्तुस्थिती यांत फरक असतो, हे एका आजारी तरुणाने सरकारी आयोगाला शिकवले. 1850 मध्ये त्याने वेल्श स्त्रियांसाठी त्यांच्याच भाषेत पहिले मासिक सुरू केले. दोन वर्षांनी, बत्तिसावे वर्षही पूर्ण न करता, तो गेला.

आता या उत्तरांच्या पत्त्याकडे पाहा. येयान ग्विनेदची आकडेवारीची पुस्तिका इंग्रज जनतेला उद्देशून आहे, आणि इंग्रजीत आहे. जेन विल्यम्स इंग्रजीत लिहितात, फिलिप्स इंग्रजीत लिहितात. आरोप इंग्रजीत झाला तर खुलासाही इंग्रजीत, हे समजण्यासारखे आहे. वेल्श वृत्तपत्रांतही या वादाचे रकाने भरत होते हे खरे. तरी बचावाचा मजकूर तपासला की एक गोष्ट लक्षात येते. आम्ही अनीतिमान नाही, आम्ही अडाणी नाही, आम्ही राजनिष्ठ आहोत, आम्ही देवभीरू आहोत, हे सारे जोरात म्हटले जाते. शाळा आमच्या भाषेत हव्यात, हे वाक्य मात्र जवळजवळ कुठेच ऐकू येत नाही. त्या काळातला सर्वांत कर्तबगार वेल्श शिक्षणसंघटक म्हणजे ह्यू ओवेन, अँगलसी बेटावरून लंडनला जाऊन सरकारी कचेरीत कारकून झालेला माणूस. त्याने अनुदानित शाळा उभ्या केल्या, 1858 मध्ये बँगरला शिक्षकांचे कॉलेज काढायला हातभार लावला, विद्यापीठाचे स्वप्न चिकाटीने पुढे रेटले. वेल्स त्याचा फार ऋणी आहे. पण त्याच्या आराखड्यात इंग्रजी हीच शिकण्याची भाषा होती. 1862 पासून आयस्टेथवॉड या वेल्श काव्य-संगीत महोत्सवात त्याने समाजविज्ञानाचा एक विभाग जोडला, आणि तो इंग्रजीत चाले. कविता वेल्शमध्ये, विचार इंग्रजीत. आयुक्तांनी केलेली वाटणी आता वेल्सच्या स्वतःच्या उत्सवाच्या मांडवात येऊन बसली.

मराठी वाचकाला इथे एक समांतर घटना आठवल्यावाचून राहणार नाही. 1847 च्याच सुमारास मुंबईच्या शिक्षण मंडळात अगदी हाच वाद धुमसत होता. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांना उच्च शिक्षण इंग्रजीतूनच हवे होते. कर्नल जर्व्हिस यांचा आग्रह देशी भाषांचा होता, आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी जर्व्हिस यांना साथ देत लोकांना लोकांच्या भाषेतून शिकवण्याची बाजू लेखी मांडली. निकाल तडजोडीचा लागला, आणि पुढे इंग्रजीचेच पारडे जड झाले, ते वेगळे. पण मुंबईत निदान वाद झाला. त्या मेजाशी बसलेल्या माणसांनी मातृभाषेच्या बाजूने दप्तरात नोंद ठेवली. वेल्समध्ये, जिथे साक्षर लोक होते, छापखाने होते, नियतकालिके होती, तिथे तो वाद उभाच राहिला नाही. साम्राज्याच्या राजधानीपासून रेल्वेच्या अंतरावर असलेल्या वेल्सला स्वतःच्या भाषेचा शाळेवर हक्क आहे, हे म्हणायला जास्त संकोच वाटला, असे मला दिसते. अंतर कमी होते आणि हीच अडचण ठरली.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आईबापांनाच इंग्रजी हवी होती, मग तक्रार कसली? हवी होती यात शंका नाही. लिव्हरपूलला नोकरी, गुरांच्या बाजारात व्यवहार, जहाजावर काम, कोर्टात उभे राहणे, सगळ्याला इंग्रजी लागे. पण इंग्रजी शिकणे आणि इंग्रजीतूनच सारे शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीसाठी मुलाच्या गळ्यात काठी घालावी लागत नाही. वेल्शच्या आधाराने इंग्रजी शिकवली असती तर ती जास्त लवकर आली असती, हे सांगायला शिक्षणशास्त्री लागत नव्हता. रविवारची शाळा दर आठवड्याला तेच दाखवत होती. ही निवड पालकांपुढे कुणी ठेवलीच नाही. 'वेल्श की इंग्रजी' एवढेच त्यांना विचारले गेले, आणि पोटाचा प्रश्न असलेला माणूस अशा वेळी काय उत्तर देईल हे उघड आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भाषा पुस्तकांनी मरत नाहीत, कोळसा आणि रेल्वेने मरतात. खाणींमुळे इंग्लंड-आयर्लंडहून माणसे आली आणि वेल्श मागे पडली. 1847 ला नाहक दोष दिला जातो, असे हा आक्षेप म्हणतो. यातला अर्धा भाग बरोबर आहे, विशेषतः शतकाच्या शेवटच्या वर्षांसाठी. पण त्याआधी कोळशाने उलटेच काम केले होते. आयर्लंडच्या खेडुताला उपासमारीत अमेरिका गाठावी लागली आणि त्याची भाषा त्याच्याबरोबर समुद्रापार विरली. वेल्श खेडूत मर्थर, अ‍ॅबरडेअर, ऱ्हाँडा इथल्या खाणींत गेला, म्हणजे वेल्समध्येच राहिला, तिथे चॅपल बांधले, वृत्तपत्रे विकत घेतली, गायनमंडळे काढली. 1901 च्या जनगणनेत सुमारे 9 लाख 30 हजार वेल्श भाषक मोजले गेले, आणि 1911 मध्ये ही संख्या 9 लाख 77 हजारांच्या घरात गेली. ती त्याआधी कधीही नव्हती एवढी मोठी होती. म्हणजे उद्योगाने वेल्शला आधी माणसे दिली, पैसा दिला. या काळात शाळा तिच्या पाठीशी असती तर बाहेरून येणाऱ्या लोंढ्यापुढे भाषा अधिक खंबीरपणे उभी राहिली असती. 1891 मध्ये वेल्सच्या निम्म्याहून थोडे अधिक लोक वेल्श बोलत, 1901 मध्ये जेमतेम निम्मे, आणि पुढच्या दहा वर्षांत हे प्रमाण 44 टक्क्यांच्याही खाली गेले. संख्या वाढतानाच वाटा घसरत होता. खाण आणि शाळा यांचे परिणाम वेगळे काढणे सोपे नाही, पण शाळेला निर्दोष सोडता येईल असा पुरावा मला तरी दिसत नाही.

कारण निळी पुस्तके 1847 मध्ये संपली नाहीत. त्यांच्या तीन लेखकांपैकी राल्फ लिंगन 1849 मध्ये लंडनच्या शिक्षण खात्याचा सचिव झाला आणि वीस वर्षे त्या खुर्चीत राहिला. 1862 मध्ये रॉबर्ट लो यांच्याबरोबर त्याने अनुदानाची नवी नियमावली आणली. वाचन, लेखन, गणित या विषयांत तपासनीस परीक्षा घेणार, आणि जितकी मुले पास तितका शाळेला पैसा. वेल्शला या हिशेबात पैशाची किंमत नव्हती. बंदी घालणारा एक शब्दही नियमावलीत नव्हता, आणि त्याची गरजही नव्हती. ज्या भाषेच्या तासाला अनुदान नाही आणि जिच्यामुळे इंग्रजी वाचनाचा निकाल घसरेल अशी मास्तरला भीती, ती भाषा वर्गाबाहेर जायला सरकारी हुकूम लागत नाही. मास्तराचा पगारच त्या निकालावर ठरत होता. वेल्श लोकांनी निळ्या पुस्तकांविरुद्ध सभा घेतल्या, नाटके लिहिली. पण या कोरड्या नियमावलीविरुद्ध भाषेच्या मुद्द्यावर तसे रान उठले नाही. निंदा चटकन ऐकू येते. अनुदानाचे कोष्टक कुणाला ऐकू येत नाही, आणि म्हणून माझ्या मते 1847 च्या जखमेपेक्षा 1862 चे कोष्टक अधिक खोल गेले.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो, कारण तो न घेता हे प्रकरण अन्यायकारक होईल. त्या संतापातून वेल्सला जे मिळाले ते थोडे नव्हते. चर्चच्या साक्षींनी दुखावलेले चॅपलवाले राजकारणात उतरले. आपण केवळ एक पंथ नाही, आपण एक राष्ट्र आहोत, हे ते त्या काळात म्हणायला शिकले. 1868 च्या निवडणुकीत मर्थरमधून हेन्री रिचर्ड निवडून आले. त्यानंतर, आपल्या सांगण्याप्रमाणे मत न दिल्याबद्दल जमीनदारांनी कुळांना जमिनीवरून हाकलले. त्या छळाच्या कहाण्या संसदेत पोचल्या आणि 1872 च्या गुप्त मतदानाच्या कायद्याला बळ मिळाले. त्याच वर्षी अ‍ॅबरिस्टविथला समुद्रकाठच्या एका बुडालेल्या हॉटेलच्या इमारतीत वेल्सचे पहिले विद्यापीठ महाविद्यालय 26 विद्यार्थ्यांनिशी उघडले. पुढे ते चालले ते बऱ्याच अंशी चॅपलमधून गोळा होणाऱ्या पै-पैशाच्या वर्गणीवर. खाणमजुरांनी आपल्या कमाईतून दिलेल्या नाण्यांवर विद्यापीठ उभे राहते, ही गोष्ट कुठल्याही देशाने मान वर करून सांगावी अशी आहे. 1881 मध्ये रविवारी दारूची दुकाने बंद ठेवण्याचा कायदा फक्त वेल्ससाठी झाला आणि संसदेने वेल्सला वेगळा देश म्हणून वागवण्याचा पायंडा पडला. 1889 चा माध्यमिक शिक्षणाचा कायदा, 1893 ची वेल्स विद्यापीठाची सनद, सगळे याच ओळीत येते. पण या यादीत अ‍ॅबरिस्टविथपासून वेल्स विद्यापीठापर्यंत शिकवण्याची भाषा इंग्रजी होती. राष्ट्र आले आणि त्याची भाषा त्याच्या शाळेच्या दाराबाहेर उभी राहिली.

दुसरे काही शक्यच नव्हते असे कुणी म्हणत असेल तर त्याने पॅटागोनियाकडे पाहावे. 28 मे 1865 रोजी 'मिमोसा' नावाचे जहाज लिव्हरपूलहून सुटले. दीडशेच्या आसपास वेल्श माणसे, बायकामुलांसह, दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे अर्जेंटिनातल्या चुबुत नदीच्या खोऱ्यात वसायला निघाली होती. मागे प्रेरणा होती बाला गावचे मायकेल डी. जोन्स यांची. वेल्श माणूस जिथे जातो तिथे इंग्रजीत विरघळतो, म्हणून एक तरी जागा अशी हवी जिथे वेल्श हीच कारभाराची भाषा असेल, असे त्यांचे म्हणणे होते. दोन महिन्यांनी माणसे उतरली तेव्हा समोर ओसाड, कोरडे पठार होते आणि पहिली वर्षे उपासमारीची गेली. पण त्या वसाहतीत पंचायत वेल्शमध्ये बसली, न्यायनिवाडा वेल्शमध्ये झाला आणि शाळा वेल्शमध्ये भरली. 1878 मध्ये आर. जे. बर्विन यांनी तिथल्या मुलांसाठी वेल्श वाचनाचे पाठ्यपुस्तक छापले. तीच खेडी, तीच चॅपले, तसेच गरीब शेतकरी आणि खाणमजूर. वेल्श हिशेबाला आणि कायद्याला पुरी पडत नाही, हा लिंगनचा सिद्धांत त्या पठारावर टिकला नाही. तिथे तो मानणारा कुणी नव्हता एवढाच फरक होता.

मायदेशी या प्रश्नाला हात घालायला 1885 उजाडले. डॅन आयझॅक डेव्हिस या शाळा-तपासनिसाने सहकाऱ्यांबरोबर शाळांत वेल्शचा उपयोग करून घेण्यासाठी संस्था स्थापन केली. वेल्श बाजूला सारून नव्हे, वेल्शच्या आधाराने इंग्रजी चांगली येते, हा त्यांचा मुद्दा होता. चाळीस वर्षांपूर्वी रविवारच्या शाळेत आयुक्तांच्या डोळ्यांसमोर जे घडत होते, तेच आता खात्याच्या भाषेत मांडले गेले, आणि दशकाच्या अखेरीस नियमावलीत वेल्शला चिमूटभर जागा मिळाली. मग 1907 मध्ये शिक्षण मंडळात वेल्ससाठी स्वतंत्र विभाग झाला आणि त्याचे पहिले मुख्य तपासनीस म्हणून ओवेन एम. एडवर्ड्स यांची नेमणूक झाली. बाला सरोवराच्या टोकाला असलेल्या लॅनूचलीन या खेड्यात ते वाढले होते. ऑक्सफर्डला इतिहास शिकवून, डझनावारी वेल्श पुस्तके आणि मुलांची मासिके काढून ते या खुर्चीवर आले. आठवणींत त्यांनी लिहून ठेवले आहे की लहानपणी शाळेत वेल्श बोलल्याबद्दल त्यांच्या गळ्यात दोरीने लाकडाचा तुकडा अडकवला जाई. तो पुढच्या मुलाकडे सरकवायला मात्र त्यांचे मन धजत नसे, आणि दिवस संपताना फटके त्यांनाच बसत. आता वेल्समधल्या शाळांची तपासणी त्यांच्या हाती होती, आणि वर्गात शिरून ते मुलांशी वेल्शमध्ये बोलू शकत होते.